बहिणीचा अमेरिकेचा व्हिसा: अडचण कागदाची की कायद्याची?

खानापूर तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावात झालं. नवरा न्यू जर्सीत असतो, अमेरिकेचा नागरिक आहे, नोकरी पक्की. आता तिला तिकडं न्यायचंय. तिथल्या वकिलानं चार हजार डॉलर सांगितलेत, सरकारी फी वेगळी. बेळगावातला एक एजंट एक लाख ऐंशी हजारांत ‘गॅरंटीनं’ करून देतो म्हणतोय, वर ‘पाठोपाठ तुमचाही नंबर लावतो’ असंही. दाजींचं म्हणणं, फॉर्म आपणच भरू, माझ्या मित्रानं भरला होता. अडचणी तीन आहेत. बहिणीच्या जन्मदाखल्यावर तिचं नावच नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि लग्नाचा दाखला सासरी बदललेल्या नावाचा. आणि दोन वर्षांपूर्वी, बी.कॉम. होऊन ती घरी असताना, मावशीबरोबर फिरायला जायचं म्हणून टुरिस्ट व्हिसाला अर्ज केला होता, तो नाकारला गेला. सासरचे म्हणतात, ते लिहूच नका. तर वकील करावा का?

मी बेळगावच्या कोर्टात दिवाणी वकिली करतो, बावीस वर्षं झाली. अमेरिकेच्या कायद्याचा मी वकील नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडं लोक येतात ते जन्मतारखेचा दावा, नावातली दुरुस्ती, उशिरा नोंदणी, लग्नाची नोंद असल्या कामांना. पण त्यातले बरेच जण व्हिसासाठीच दाखल्यांच्या मागं लागलेले असतात. त्यामुळं फायलीचं हे टोक मी रोज बघतो, आणि तिकडच्या वकिलांनी पाठवलेल्या कागदांच्या याद्याही माझ्या टेबलावर येतात.

तुमच्या तीन अडचणींतल्या पहिल्या दोन कागदाच्या आहेत. त्या खानापुरात आणि बेळगावात सुटतात. न्यू जर्सीचा वकील चार हजार घेऊनही त्या सोडवू शकत नाही. तो तुम्हालाच मेल करणार, ‘कृपया दुरुस्त दाखला पाठवा’. तिसरी अडचण कदाचित कायद्याची आहे. ती तशी आहे का, हे एका जुन्या फॉर्मवर ठरेल. त्याकडं शेवटी येतो.

आधी मूळ काम केवढं आहे ते बघा, म्हणजे चार हजार कशाचे ते कळेल. नागरिकाच्या बायकोला वर्षानुवर्षांची रांग नसते. नवऱ्यानं तिकडून, ‘ही माझी बायको’ म्हणून, आय-१३० नावाचा अर्ज भरायचा. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर ६७५. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडं, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या तिथल्या सरकारी कचेरीकडं जाते. तिथं व्हिसाच्या अर्जाचे ३२५ आणि नवऱ्याच्या हमीपत्राच्या तपासणीचे १२० डॉलर भरायचे, डीएस-२६० हा बहिणीच्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, दाखले स्कॅन करून चढवायचे. मग ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडं तपासणी आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. व्हिसा हातात आल्यावर ग्रीन कार्डाचे २३५. दर बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघून भरा. हमीपत्र म्हणजे आय-८६४: नवऱ्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. दोघांच्या कुटुंबाला २०२५ च्या आकड्यांनी ते वर्षाला २६,४३७ डॉलर होतं. पक्की नोकरी असलेल्याला यात काळजी नाही.

एवढंच. स्वच्छ प्रकरणात वकील हेच फॉर्म भरतो, तुमच्याकडूनच माहिती घेऊन. त्यानं भरले म्हणून फाइल एक दिवसही लवकर हलत नाही. मुंबईच्या खिडकीशी तो उभा राहत नाही, बहिणीलाच बोलावं लागतं. (मराठीत बोलता येतं. इंग्रजीची भीती घालून क्लास लावायला सांगणारे भेटतील, तिकडं दुर्लक्ष करा.) दाजींना फॉर्म वाचून शांतपणे भरायची सवय असेल तर ते भरू शकतात. मात्र ‘मित्रानं भरला होता’ हे कारण पुरेसं नाही. मित्राच्या बायकोचा जन्मदाखला महापालिकेचा असेल, तुमच्या बहिणीचा तसा नाही.

आता कागद. इथं जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागातल्या फायली इथंच अडकतात.

दाखल्यावर नाव नाही, हे आपल्याकडं सर्रास. बाळंतपण झालं त्या दिवशी दवाखान्यानं ‘मुलगी’ म्हणून नोंद पाठवली, बारसं बाराव्या दिवशी झालं, त्यानंतर कचेरीत जाऊन नाव लावायचं कुणाला सुचलं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणं नाव नंतर लावता येतं; नियमांत त्याला पंधरा वर्षांची मुदत असते, ती उलटली असेल तर पुढं काय ते कचेरीतच विचारा. नोंद जिथं आहे तिथल्या निबंधकाकडं अर्ज, आईवडलांचं पत्र, शाळेचा दाखला. पण ‘जिथं नोंद आहे’ हे शब्द नीट वाचा. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं असते, जिथं घर आहे तिथं नव्हे. आणि आपल्याकडं पहिलं बाळंतपण आईच्या माहेरी. मागच्या वर्षी एक गृहस्थ तीन महिने खानापूरच्या कचेरीत चकरा मारत होते. क्लार्क रजिस्टर उलटून उलटून सांगत होता, नोंद नाही. मी त्यांच्या आईला फोन लावायला सांगितला. आई म्हणाली, ‘हा काय तिथं जन्माला आला? माझ्या आईकडं, चंदगडला.’ चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. नोंद तिथं होती, मराठीत, स्वच्छ अक्षरात, नावासकट. तुम्हीही आधी आईला विचारा. तुमच्या हातात दाखला आहे म्हणजे नोंदीचं ठिकाण त्यावर छापलेलं असणार, तिथंच जा.

नोंदच नसती तर काम वाढलं असतं. जन्माला वर्ष उलटल्यावर नव्यानं नोंद करायला आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो जिल्हाधिकारी, प्रांत किंवा नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो, आधी कोर्टात यावं लागायचं. पुढं कधी आईवडलांचा प्रश्न आला तर हेही लक्षात ठेवा: हा कायदा लागू झाला १ एप्रिल १९७० ला. त्याआधी जन्मलेल्यांकडं जन्मदाखला नसणं अमेरिकेची वकिलात समजून घेते. नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात. आपल्या जिल्ह्यात १९५६ च्या आधीचे शाळेचे दाखले मुंबई राज्यातले, बरेच मराठी, त्यानंतरचे बरेच कन्नड. एकाच घरात आजोबांचा कागद मराठी, वडलांचा कन्नड आणि नातवाचा इंग्रजी अशी फाइल मी कितीतरी वेळा पाहिली आहे. भाषांतर लागतं, पण नोटरीचं नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसानं ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व बरोबर आहे’ असं लिहून सही, नाव, पत्ता, तारीख दिली की अमेरिकेला पुरतं. कॉलेजातले एखादे कन्नडचे सर हे करून देतील. पानाला पाचशे-सातशे मागणाऱ्यांकडं जाऊ नका. बहिणीनं किंवा दाजींनी स्वतः मात्र करू नये.

जन्मतारखेचं एकदा पडताळून बघा. दाखल्यावर एक आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर १ जून, असं आहे का? आमच्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला आहे, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तोच घातला. तारखांचा फरक असेल तर ते काम प्रतिज्ञापत्रावर भागत नाही, दिवाणी कोर्टात घोषणेचा दावा लावावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून आय-१३० भरण्याआधी बघायचं.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडं लग्नात आडनावच नव्हे, मुलीचं पहिलं नावही बदलतात. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि सगळ्यांना पेढे वाटायचे. कार्यक्रम गोड आहे, पण अमेरिकेच्या अधिकाऱ्यासमोर पासपोर्टावर एक बाई आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसरीच बाई उभी राहते. वर वडलांचं नाव मधे, की नवऱ्याचं नाव मधे, की कन्नड पद्धतीनं पुढं नुसती आद्याक्षरं. कुणाच्या पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा. तसं असलं की अमेरिकेच्या व्हिसावर सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी एफएनयू छापून येतं. त्याचा अर्थ ‘पहिलं नाव माहीत नाही’.

तुमच्या बाबतीत घाई करून पासपोर्ट बदलू नका. बहिणीचा पासपोर्ट, शाळेचे दाखले, आधार हे सगळं माहेरच्या नावाचं आहे, म्हणजे एक बाजू एकसारखी आहे. ती तशीच ठेवा आणि लग्नाच्या दाखल्याकडं वळा. सब-रजिस्ट्रार कचेरीत लग्नाच्या नोंदणीचा जो अर्ज दिला होता त्याची प्रमाणित नक्कल काढा. त्यात लग्नाआधीचं नाव, वडलांचं नाव, दोघांच्या सह्या असायला हव्यात. असतील तर तीच जोडायची. नसतील तर दुरुस्तीचा अर्ज. मग फॉर्मवर ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो, तिथं सासरचं नाव लिहायचं. लोक हा रकाना ‘लागू नाही’ म्हणून सोडतात आणि पुढं सहा महिने खुलासे करत बसतात. बेळगावच्या नावाचं मात्र तसं नाही. जुन्या कागदावर बेळगाव आणि नव्यावर बेळगावी दिसलं म्हणून घाबरू नका; १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव बदललं, हे वकिलातीला माहीत आहे. त्यासाठी बाँडवर प्रतिज्ञापत्र करून देणारे पैसे घेतात, त्यांना नमस्कार करून पुढं जा.

आणि लग्नपत्रिका जपून ठेवा. ‘चि. सौ. कां.’च्या पुढं माहेरचं नाव, खाली दोन्हीकडच्या आजी-आजोबांची, काका-मामांची यादी, कार्यालयाचा पत्ता, तिथी आणि तारीख. ठरवून केलेल्या लग्नात नवरा-बायको आधी दोनदाच भेटलेली असतात, एकत्र बँक खातं नसतं, एकत्र भाड्याचं घर नसतं. मग लग्न खरं आहे हे कशावरून? पत्रिका, साखरपुड्याचे आणि लग्नाचे फोटो (दोघांचेच नकोत, दोन्हीकडची माणसं दिसणारे हवेत), दाजी आल्याचे विमानाचे तिकीट आणि पासपोर्टावरचे शिक्के, रोजच्या व्हिडिओ कॉलची नोंद, पाठवलेले पैसे. मुंबईच्या अधिकाऱ्यांना ठरवून झालेली लग्नं नवी नाहीत. त्यांना खोटं लग्न आणि थोडक्या ओळखीचं लग्न यातला फरक बघायचा असतो.

इथपर्यंत वकील नको. मग वकील हवाच कुठं? आपल्या भागात तीन ठिकाणी, आणि नेमकी तीच तीन ठिकाणं आपल्याला अडचणीची वाटत नाहीत.

एक, नात्यातलं लग्न. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा हे आपल्याकडं रीतीतलं. शेजारच्या कन्नड घरांत खुद्द मामाशीही लग्न होतं. हिंदू विवाह कायदा रूढी असेल तर ते मानतो. पण अमेरिकेत लग्न जिथं झालं तिथला कायदा बघतात आणि शिवाय जोडपं ज्या राज्यात राहणार त्या राज्याचं धोरणही बघतात. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियात आते-मामे भावंडांचं लग्न चालतं. टेक्सासात चालत नाही. नवरा न्यू जर्सीतून टेक्सासला नोकरी बदलून गेला तर? असल्या प्रश्नाला मित्राचा अनुभव कामाचा नाही. तुमच्या बहिणीचं लग्न नात्यातलं असेल तर सांगा, तुम्ही लिहिलेलं नाही.

दोन, आधीची सोडचिठ्ठी. दोघांपैकी कुणाचं आधी एक लग्न झालेलं असेल आणि ते पंचांसमोर शंभराच्या बाँडवर लिहून मोडलं असेल, तर तो कागद तिकडं जवळपास निरुपयोगी. जातीत अशी रूढी आहे आणि ती कायद्याला मान्य आहे, हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे आधी इथं कोर्टाचा हुकूमनामा आणि तिकडं वकील, दोन्ही. एका प्रकरणात मुलाकडच्यांनी ‘ते लग्न आम्ही धरतच नाही’ म्हणून पहिल्या लग्नाचा उल्लेखच केला नव्हता. पहिली बायको फेसबुकवर होती, फोटोसकट.

तीन, दत्तक. पुतण्याला दत्तक घेऊन अमेरिकेला नेतो म्हणणारे काका मला वर्षाला एक-दोन तरी भेटतात. इथं दत्तकपत्र नोंदवता येतं. पण तिकडच्या कायद्यात साधारणपणे सोळा वर्षांच्या आत दत्तक, दोन वर्षांचा ताबा, दोन वर्षं एकत्र राहणं असल्या अटी आहेत, आणि भारत हेग दत्तक करारात असल्यामुळं नागरिकानं घेतलेल्या दत्तकाला आणखी वेगळी वाट. इथं मी स्वतः लोकांना परत पाठवतो: आधी तिकडच्या वकिलाला विचारा, मग माझ्याकडं दत्तकपत्राला या. उलट्या क्रमानं केलं की पोरगं कागदावर काकाचं होतं आणि राहतं इथंच.

याशिवाय कुठंही जावं तिथं वकील लागणारी कारणं आहेतच: तिकडं व्हिसा संपल्यावर राहिलेलं असणं (एकशे ऐंशी दिवसांच्या वर राहून परत आलं तर तीन वर्षं बंदी, वर्षाच्या वर राहिलं तर दहा), पोलीस केस, एकविसाव्या वर्षाला टेकलेलं मूल. तुमच्याकडं यातलं काही दिसत नाही.

आता एजंट. ‘पाठोपाठ तुमचाही नंबर लावतो’ हे वाक्य त्यानं खरोखर म्हटलं असेल तर त्याची पारख तिथंच झाली. मेहुण्यासाठी दाजी अर्ज करूच शकत नाहीत, असा प्रकारच नाही. बहीण स्वतः नागरिक झाल्यावर भावासाठी अर्ज करू शकते. त्या वर्गात भारतीयांचे जे अर्ज आत्ता निकालात निघतायत ते २००६ च्या आसपास भरलेले आहेत. तुमचा नंबर लागेपर्यंत तुमची मुलं लग्नाला आलेली असतील.

गॅरंटीबद्दल वेगळं काय बोलायचं. एक गोष्ट सांगतो. हुक्केरीकडचं एक कुटुंब, मुलानं तिकडून आईसाठी अर्ज केलेला. सगळं एजंटानं भरलेलं. नॅशनल व्हिसा सेंटरचा मेल कुठल्या पत्त्यावर जातो असं मी विचारलं, तर आई-मुलगा दोघंही गप्प. एजंटाचा पत्ता होता. त्यानं तोवर दुकान बंद केलं होतं, फोनही लागत नव्हता. त्या सेंटरकडून फी भरायची सूचना येऊन दहा महिने झाले होते. वर्षभरात काहीच हालचाल केली नाही तर ते प्रकरण बंद करू शकतात. मुलानं तिकडून स्वतः संपर्क करून मेलचा पत्ता बदलून घेतला तेव्हा दीडेक महिना उरला होता. म्हणून खातं दाजींच्या नावानं, मेल दाजींचा, पासवर्ड दाजींकडं. वकील केला तरीसुद्धा प्रत्येक अर्जाची प्रत आणि पावती आपल्याकडं हवी.

वकील करायचा ठरला तर तो परवानाधारक आहे का ते दाजींनी बघायचं. तिथल्या राज्याच्या बारच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ते दिसतं. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, त्यामुळं वकील न्यू जर्सीचाच असायला हवा असं नाही. तो जी-२८ नावाचा फॉर्म भरून तुमच्या फाइलवर आपलं नाव घालतो. जो पैसे घेतो पण कुठंच आपलं नाव घालायला तयार नाही, तो कोण, हे ओळखा. करारात बघा: ठरलेल्या रकमेत पुढं आलेल्या शंकापत्राचं उत्तर धरलंय का, की त्याचे वेगळे? मुंबईनं मुलाखतीनंतर २२१(जी)ची चिठ्ठी देऊन कागद मागवले तर? प्रकरण मधेच थांबलं तर परतावा? आणि अर्धवट वकीलही करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फॉर्म तुम्ही भरायचे आणि पाठवण्याआधी एकदा वकिलाकडून तपासून घ्यायचे, किंवा एका प्रश्नापुरता तासभराचा सल्ला विकत घ्यायचा. काही शे डॉलरांत भागतं. चार हजार किंवा शून्य, असे दोनच दर नसतात.

दुसऱ्या देशांचं ओघानं सांगतो, कारण निपाणी-चिक्कोडीकडून तेही विचारणं येतं. ब्रिटनला जोडीदार न्यायला ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि पगाराच्या कागदात एक महिना कमी पडला तरी नकार येऊ शकतो. तिथं मी सल्लागाराला लवकर हात घालायला सांगतो, पण तो सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडं नोंदलेला हवा. कॅनडात वकील किंवा ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या तिथल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा सदस्य. दुबईला बायकोला न्यायला वकील कशाला? लग्नाच्या दाखल्यावर इथले, दिल्लीचे आणि दूतावासाचे शिक्के मारून घ्यायचे, बाकी तिथल्या टायपिंग सेंटरवर होतं.

आता तिसरी अडचण. व्हिसा नाकारला होता हे लिहायचंच. सासरच्यांना सांगा, ती नोंद त्यांच्या संगणकात आहे, बहिणीच्या दहा बोटांच्या ठशांसकट. डीएस-२६० मध्ये सरळ विचारतात, पूर्वी कधी व्हिसा नाकारला आहे का. तिथं ‘नाही’ लिहिलं की साधा नकार खोटेपणा होऊन बसतो. नकार स्वतः फारसा आडवा येत नाही. टुरिस्ट व्हिसा बहुतेक वेळा २१४(बी) कलमाखाली नाकारतात: तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. बायको म्हणून कायमची जाणाऱ्याला परत येण्याची खात्री कोण विचारतो? त्या वेळी दिलेली चिठ्ठी घरात असेल, त्यावर कलम छापलेलं असतं, ते बघून घ्या.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. त्या वेळचा डीएस-१६०, म्हणजे टुरिस्ट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, कुणी भरला? मावशीनं सांगितलेल्या एखाद्या एजंटानं असेल तर त्याची प्रत मिळवा. मावशीच्या किंवा बहिणीच्या मेलमध्ये शोधा, एजंटाकडं मागा, तो टाळाटाळ करील, चार वेळा मागा. घरी बसलेल्या मुलीला व्हिसा मिळणार नाही म्हणून हे लोक तिला कुठल्यातरी कंपनीत अकाउंटंट करून टाकतात, पगारासकट. ‘फॉर्म भरायला कुणी मदत केली का’ या प्रश्नाला ‘नाही’ टाकतात. मुलगी सही करते, वाचत नाही. व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली असं अधिकाऱ्यानं ठरवलं तर बंदी कायमची असते, लग्नाच्या व्हिसालाही. तीतून सूट मागता येते, पण त्यासाठी नवऱ्याला कमालीचा त्रास होईल हे पुराव्यानं दाखवावं लागतं, आणि तो अर्ज दाजींनी यूट्यूब बघून भरायचा नसतो. ती महत्त्वाची गोष्ट ठरते का, आणि डीएस-२६० मध्ये नोकरीचा इतिहास लिहिताना काय व कसं सांगायचं, हे तिकडच्या वकिलानंच बघायचं. मी नाही, एजंट तर नाहीच.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. आईला विचारून नोंदीच्या कचेरीत नावाचा अर्ज द्या, आणि तो डीएस-१६० हुडकून काढा. नोकरीच्या रकान्यात बहीण घरी असते असंच लिहिलं असेल तर दाजींना आय-१३० स्वतः भरू दे, चार हजार तिच्या तिकिटाला आणि तिथल्या पहिल्या थंडीच्या कपड्यांना होतील. त्या रकान्यात कुठल्या कंपनीचं नाव असेल तर काहीही भरण्याआधी दाजींना तो फॉर्म घेऊन वकिलाकडं पाठवा, आणि पहिल्या भेटीला बहिणीलाही व्हिडिओवर बसवा. त्या कंपनीबद्दल तिला काय माहीत होतं, हे तिच्याच तोंडून यायला हवं.